आजोबांचा डॉज वेपन कॅरिअर: १९४३ चा करू की १९७४ चा?

नांगरफाळ
मंडळी, रामराम. सात-आठ वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमच्या वस्तीवर (राहुरीजवळ) चिंचेखाली एक ट्रक उभा आहे. घरात त्याला 'येपन' म्हणतात. आजोबांच्या तोंडचं 'वेपन कॅरिअर' झिजत झिजत एवढंच उरलं. डॉज डब्ल्यूसी ५१, पाऊण टनी, फोर बाय फोर. डॅशवरची पाटी शाबूत आहे, डिलिव्हरीचं साल १९४३. लढाई संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल विकायला निघाला, तेव्हा आजोबांनी पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडून घेतला. त्यावर ऊस वाहिला, कांदा वाहिला, ७२ च्या दुष्काळात टाकी ठेवून पाणी वाहिलं. १९७४ ला पेट्रोल परवडेना, म्हणून सहा सिलिंडरचं मूळ इंजिन उतरवून पर्किन्सचं चार सिलिंडरचं डिझेल बसवलं. ९१ पासून गाडी जागची हललेली नाही. मूळ इंजिन गोठ्यामागच्या खोलीत गोणपाटाखाली पडलंय, जाम.

वडील म्हणतात भंगारात द्या. भंगारवाला वजनावर भाव सांगूनही गेला. मला ती चालती करायचीय. पण कशी? मूळ इंजिन, हिरवा रंग, कापडी हूड, म्हणजे १९४३ ला कारखान्यातून निघाली तशी? की आजोबांनी चालवली तशी, निळी, पर्किन्सवाली, मागे लाकडी फळ्या मारलेली?

अजून एक. बॉनेटवरचा रंगाचा पापुद्रा निघाला. निळ्याखाली हिरवा, त्याखाली वेगळाच हिरवा, आणि त्यावर पुसट पांढऱ्यात इंग्रजी झेड अक्षर, पुढे आकडे. हे काय असावं?

घाटवाट
किती देते? 😀

नांगरफाळ
सध्या शून्य. आजोबा सांगायचे पेट्रोलवर असताना पंपवाला लांबूनच हात जोडायचा.

खडकीबाजार
ईएमईत (लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारं दल) अठ्ठावीस वर्षं काढून खडकीत स्थायिक झालोय. तुमच्या डॉजवर प्रत्यक्ष हात मारलेला नाही, ती आमच्या उस्तादांच्या काळातली. आमची हयात शक्तिमान आणि निसान वन टन या फौजी ट्रकांवर गेली. पण लोखंड ते लोखंड.

पहिली सूचना: हौसेने बॅटरी लावून सेल मारू नका. तीस वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या अस्तराला, धरून बसतात. सेल मारला की रिंग तुटते नाहीतर पिस्टन जातो, आणि जे इंजिन नुसत्या तेलावर सुटलं असतं त्याला बोअरिंग लागतं. इंजेक्टर काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि पातळ ऑइल ओता, पंधरा दिवस विसरून जा. मग हाताने फिरवून बघा. नाही फिरलं तर आणखी पंधरा दिवस.

दुसरी, आणि ही जिवावरची. या गाड्यांना कॉम्बॅट रिम असते. म्हणजे रिमचे दोन अर्धे, बोल्टने एकत्र आवळलेले. पंक्चर झालं तरी टायर रिमवरून निसटू नये म्हणून ती सोय. चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतील. आतलं वर्तुळ चाक हबला धरतं, बाहेरचं रिमचे दोन अर्धे एकमेकांना. टायरमध्ये हवा असताना बाहेरच्या वर्तुळाला पाना लावला तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा अंगावर येतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची. टायर बसलेला दिसतोय म्हणजे हवा नाही, असं समजायचं नाही.

तिसरी. हिचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललंत की डिफरन्शियलमुळे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) ते हवेत मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी चालू लागते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय खाली शिरू नका.

सहाव्होल्ट
काकांना +१. नांगरफाळ, आता वायरिंग बारा व्होल्ट असेल ना? मूळ सहा व्होल्टची होती. कधी मूळ इंजिनावर गेलात तर एक लक्षात ठेवा: तेवढ्याच ताकदीला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची केबल जाड हवी. आपल्याकडे मिस्त्री बारा व्होल्टची बारीक केबल लावतात आणि मग 'सहा व्होल्टच्या गाड्या सकाळी उठतच नाहीत' म्हणून बोंब मारतात. अर्थची वायर पण चेसिसवर रंग खरवडून, लोखंडाला लोखंड लावून घ्या. माझ्या जीपचं निम्मं दुखणं फक्त अर्थचं निघालं होतं.

अनघा_पुणे
वस्तुसंग्रहालयांसाठी जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, त्यामुळे पापुद्रा वाचून राहवलं नाही.

झेड हा ब्रिटिश लष्कराच्या गाडी-नंबरातला उपसर्ग आहे. त्यांच्याकडे गाडीच्या प्रकारावरून अक्षर पडायचं: एल म्हणजे लॉरी, एम म्हणजे मोटारकार, ए म्हणजे रुग्णवाहिका, टी म्हणजे रणगाडा, आणि झेड म्हणजे एक टनाखालचे ट्रक. तुमचा पाऊण टनी त्यात बरोबर बसतो. म्हणजे गाडी बनली अमेरिकेत, पण वापरली ब्रिटिश लष्कराने. तेव्हा हौशी मंडळी बॉनेटवर अमेरिकी तारा आणि 'यू.एस.ए.' रंगवतात, तसं करायच्या आधी थांबा.

आणि कृपा करून सँडब्लास्टिंग करू नका. रंगाचे ते तीन थर हाच या गाडीचा दाखला आहे. एकेक थर मोकळा करायचा तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, हळूहळू, बोटाएवढ्या जागेत. प्रत्येक थराचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.

माझं मत विचाराल तर गाडी निळीच राहू द्या. फौजेत ती जेमतेम तीन वर्षं होती, तुमच्या शेतात पंचेचाळीस.

न्यूजर्सीचा_नाना
अनघाताई, आदर राखून असहमत. शेतात राबलेले ट्रक चिक्कार सापडतील, पण मूळ इंजिन घरातच असलेला डब्ल्यूसी भारतात किती जणांकडे आहे? हे इंजिन टी २१४. सहा सिलिंडर, २३० घनइंच म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, ९२ अश्वशक्ती, व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत तर ब्लॉकमध्ये बाजूला, ज्याला फ्लॅटहेड म्हणतात. कॉम्प्रेशन कमी, ६.७ ला १, त्यामुळे कसलंही पेट्रोल पचवतं. ते सुरू झालं की आवाज ट्रकचा येत नाही, शिवणयंत्राचा येतो. तुमच्या पर्किन्सचा कसा येतो हे मी सांगायला नको.

स्पेअरची भीती बाळगू नका. लढाईनंतर डॉजने याच गाडीवरून पॉवर वॅगन काढली आणि दोन दशकांहून जास्त विकली. अमेरिकी लष्कराच्या नंतरच्या एम ३७ ट्रकलाही हेच २३० घनइंची इंजिन. इथल्या जुन्या मालाच्या बाजारांत ग्रीसच्या कागदात गुंडाळलेले सुटे भाग आजही मिळतात. यादी द्या, डिसेंबरात पुण्याला येतोय तेव्हा बॅगेत जेवढं मावेल तेवढं आणतो. क्रँकशाफ्ट मात्र सांगू नका, बायको घरात घेणार नाही.

लेथवाला
नाना, अमेरिका कशाला पाहिजे? वालचंदांच्या प्रीमियर मोटार कंपनीनं कुर्ल्यात क्रायस्लरशी करार करून प्लायमाउथ, डॉज, डीसोटो, फार्गो जोडल्या का नाही? त्यातल्या प्लायमाउथ आणि डॉज किंग्जवेचं इंजिन ह्याच घराण्यातलं. २३ इंच लांबीचा ब्लॉक. बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच सव्वातीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तेवढा कमी. हेड गॅस्केट चालतंय, रिंगा चालतात. माझ्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशा ब्लॉकला वर्षातनं एखादा तरी गिऱ्हाईक असतोय, बहुतेक लग्नात भाड्यानं गाड्या देणारे.

भावा, इंजिन जाम आहे म्हणतोस, ठीक. पण खोलशील तेव्हा पाण्याची नळी बघायची विसरू नको. ह्या इंजिनात वॉटर पंपाच्या मागं, ब्लॉकच्या आत लांबसडक एक पत्र्याची नळी असती. तिला भोकं असतात आणि ती एकेका एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ थंड पाणी सोडती. पत्रा गंजून चाळण झाला की पाणी पुढंच सांडतंय, मागचे दोन सिलिंडर कोरडे तापतात. बाहेरनं काय कळत नाही. काटा नॉर्मल दाखवतोय आणि पाच-सहाचे व्हॉल्व्ह जळत्यात. लोक रेडिएटर बदलतात, थर्मोस्टॅट काढून टाकतात, पंखा मोठा लावतात. नळी कोण बघत नाही.

ती काढणं म्हणजे दात उपटणं. पुढनं हूक घालून ओढायची, निम्मी हातात येती, निम्मी आत राहती. पितळेची नवी करून घालायची, आयुष्यभर बघायला नको.

खडकीबाजार
लेथवाले, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

कलमबहाद्दर
सगळे इंजिनात शिरलात, कागदांचं काय? २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची तरतूद आली. पन्नास वर्षांवरची गाडी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं, मुदत दहा वर्षं. वाचून सगळे खूश होतात. पण व्याख्या नीट वाचा: दुचाकी आणि एम १ गटातल्या चारचाकी. एम १ म्हणजे प्रवासी मोटार. मालवाहू गाड्या एन गटात येतात. तुमच्या नोंदणी-पुस्तकात (आरसी बुक) मालवाहू नोंद असेल तर या दाराने आत जाता येणार नाही.

शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको अशीही अट आहे. आणि ती नोंदणी मिळाली तरी गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

पुस्तक बघून दोन गोष्टी सांगा: प्रकार काय लिहिलाय आणि इंधन काय लिहिलंय?

नांगरफाळ
पुस्तक सापडलं. आईच्या ट्रंकेत सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर होतं. प्रकार मालवाहू. इंधनासमोर 'पेट्रोल' खोडून 'डिझेल', त्यावर सही-शिक्का, १९७४.

कलमबहाद्दर
आजोबा भारी होते. त्या काळात किती जणांनी ही नोंद करून घेतली असेल! म्हणजे आता कायद्याच्या दृष्टीने तुमची गाडी डिझेल आहे. मूळ पेट्रोल इंजिन परत बसवणं हा पुन्हा एक बदल, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी. मूळ रूपात आणायला परवानगी मागायची, अशी गंमत आहे. स्वतःच्या शेतात फिरवायला अर्थात कुणी विचारत नाही.

न्यूजर्सीचा_नाना
हे वाचून इथे नोकरीला राहिल्याचं समाधान वाटलं.

घाटवाट
नाना, समाधान ठेवा आणि बॅग भरा.

अनघा_पुणे
अहिल्यानगरचा रणगाडा संग्रह तुम्हाला जवळ आहे, एकदा बघून या. रणगाडे बाजूला ठेवा आणि तिथल्या रंगांकडे बघा. एकाच गाडीवर पुन्हा पुन्हा रंग चढला की कडा, रिव्हेट, अक्षरं सगळं कसं बुजत जातं ते डोळ्यांना कळतं.

नांगरफाळ
(तीन आठवड्यांनी)
हालहवाल देतो. चांगली आधी: पर्किन्स सतरा दिवसांनी हाताने फिरलं. काकांचं डिझेल-ऑइल कामी आलं.

वाईट: डाव्या बाजूच्या चाकाचे दोन स्टड (नट बसतात ते बोल्ट) तुटले. तालुक्यातून टायरवाला बोलावला. उजवी चाकं त्याने दहा मिनिटांत सोडली. डावीकडचे नट हलेनात, मग चार फुटी पाइप लावून लटकला. कडाक, कडाक. तुटलेल्या स्टडचं टोक पुसलं तर त्यावर 'एल' कोरलेला. डावीकडचे आटे उलटे! मी त्याच्या शेजारीच उभा होतो, पाइपही मीच आणून दिला होता, तेव्हा एकट्या त्याला बोल लावत नाही.

हवा मात्र आधी सोडली होती. पिन काढल्यावर बसलेल्या टायरमधूनसुद्धा बराच वेळ सूं आवाज येत होता. काका, तेव्हा तुमची आठवण झाली.

खडकीबाजार
उलट्या आट्यांचं मी सांगायला हवं होतं, चूक माझीही. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून तेव्हा डावीकडे उलटे आटे द्यायचे. पुढच्या वेळी नट अडला तर आधी टोक पुसून अक्षर बघा, मग जोर.

आणि पाने इंची वापरा. अमेरिकन गाडी आहे, आटे बारीक. आपल्याकडे जुनं म्हटलं की लोक विलायती व्हिटवर्थचे पाने नाहीतर सरळ मिलिमीटरचे घेऊन येतात. पाऊण इंचाच्या नटावर १९ चा पाना बसतो हे खरं, पण बाकीच्या मापांना निम्मे नट गोल होतात.

आता गाडी फिरती होईलच, तर एक सवय लावून घ्या. आमच्याकडे सकाळी गाडी काढताना फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. ऑइल, पाणी, टायर, गळती, पट्टे. प्रत्येक थांब्यावर हब आणि ब्रेक ड्रमला हात लावून बघायचा, एकच गरम लागला तर तिथे ब्रेक धरतोय. शक्तिमान फौजेत एवढी वर्षं कशी टिकली असं लोक विचारतात. जर्मनीच्या मान (एमएएन) कंपनीची रचना, जबलपूरची बांधणी, हे आहेच. पण रोज तीनदा गाडीभोवती फेरी मारणारा ड्रायव्हर होता, आणि फेरी मारली नाही तर त्याची फेरी घेणारा हवालदार होता. तो मी.

सहाव्होल्ट
गिअरबॉक्सचं ऑइल बदललंत का? दुकानदार डोळे झाकून जीएल ५ दर्जाचं देईल. त्यातली गंधकाची रसायनं जुन्या बॉक्समधल्या पितळी-ब्राँझच्या बुशांना खातात. जीएल ४ मागून घ्या.

नांगरफाळ
अजून नाही, आता बघतो. जुनं ऑइल काढलं तर गुळाच्या काकवीसारखं आलं, त्यात एक नट होता. कुठलाच नट कमी दिसत नाहीये.

घाटवाट
गिअर कसे पडतात? माझे मामा एसटीत होते, ते डबल क्लचशिवाय गाडी म्हणजे पाप समजायचे.

नांगरफाळ
(काही दिवसांनी)
इथे पापाला जागाच नाही. सिंक्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाहीच. क्लच दाबून न्यूट्रल, सोडून थोडी रेस, परत दाबून खालचा गिअर. वावरात दहा फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे करकर थांबली. कमी वेगाचा वेगळा गिअरही ट्रान्सफर केसमध्ये नाही, चार आहेत तेच. पर्किन्सला फेरे कमी म्हणून चाळिशीच्या वर जात नाही. पाटीवर कमाल वेग ५४ मैल लिहिलाय, तो पाटीवरच शोभतो.

लेथवाला
मूळ इंजिन कधी आणतोस?

नांगरफाळ
(दोन महिन्यांनी)
ब्लॉक कोल्हापूरला पोचवून आणला. लेथवालेदादांनी नळीबद्दल सांगितलं ते अक्षरशः खरं निघालं. साडेपाच इंचांचा तुकडा बाहेर आला, बाकीचा गंजाचा चुरा चमच्याने काढला. सहाव्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून चंद्रकोर झाला होता. म्हणजे ७४ ला आजोबांनी इंजिन काढलं ते फक्त पेट्रोलच्या भावामुळे नसावं. गाडी ताकद सोडत असणार, मिस्त्रीने 'इंजिन गेलं' म्हटलं असणार, आणि भाव हे निमित्त झालं. काम शंभर रुपयांच्या नळीचं होतं.

बोअर इंचाच्या वीस हजारांशाने वाढवून पिस्टन घातले. नानांनी व्हॉल्व्ह, कार्बोरेटरचा संच आणि पेट्रोल पंपाचा डायाफ्राम आणला. तो डायाफ्राम मुद्दाम इथेनॉल सोसणारा मागवला होता, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराचा त्यात चिखल होतो. टाकीही लावून ठेवत नाही. लिटरभर कॅनमधून देतो आणि काम झालं की रिकामी करतो, नाहीतर इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

इंजिन लोखंडी स्टँडवर बसवलंय. पहिल्यांदा हँडल मारलं तेव्हा अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला होता (उलटा झटका आला तर मनगट जातं), तरी हात कापत होता. सहाव्या झटक्याला धरलं. नाना, शिवणयंत्र म्हणालात ते मान्य.

ट्रकमध्ये मात्र पर्किन्सच राहणार. पुस्तकात डिझेल आहे, तो सही-शिक्का मला खोडायचा नाही. हिरव्या रंगाचं मी अजून तळ्यात-मळ्यात होतो. झेड आणि आकडे उघडे ठेवून त्यावर पारदर्शक थर देणार, बाकी निळा, असं अनघाताईंच्या सल्ल्याने ठरवलं आणि नगरहून निळा ऑइलपेंट आणला. दरवाजे हिला नाहीतच, म्हणून आधी मागच्या फळीवर हात मारला.

वडील इतके दिवस लांबून बघायचे. परवा जवळ आले, फळीकडे बघितलं आणि म्हणाले, "हा निळा नव्हे. पोळ्याला बैलांच्या शिंगांना आणलेला डबा उरला होता, त्यात आण्णांनी (म्हणजे आजोबांनी) थोडा पांढरा मिसळला होता." मग स्वतःच सांडशीने बॉनेटचा एक पापुद्रा उचलून डबीत घातला आणि म्हणाले, हा घेऊन दुकानात जा.

तर प्रश्न असा: शिंगांच्या रंगाचा तो जुना निळा आता कुठे मिळतो? राहुरी, श्रीरामपूर, नगर पालथं घातलंय.

लेथवाला
पापुद्र्याचा फोटो टाक. आणि गिअरबॉक्सच्या ऑइलात आलेला तो जादाचा नट कुठला होता ते कळलं का?

नांगरफाळ
नाही. ठेवलाय जपून.